समुद्रावरची व्याख्याने सभागृहात व्हावीत की बंदरावर?

मूळ मत
सागरी जीवसृष्टीवरची व्याख्याने मुंबई-पुण्याच्या सभागृहांत भरतात, श्रोते हळहळतात, आणि ज्यांच्या जाळ्यात कासव सापडते त्या खलाशांपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा देऊन मच्छीमारांना साद घातली, तेव्हा कुठे जाळे कापून तो सोडून देण्याची रीत रुजू लागली. बोलणारा माणूस आणि बोलण्याची जागा योग्य असली की काय घडू शकते, हे यातून दिसते.

प्रतिसाद १
हे अर्धेच चित्र आहे. गुजरातेत कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारने दिली, म्हणून ती रीत टिकली. आपल्याकडेही संरक्षित जीव सोडताना जाळ्याचे नुकसान झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि नाखव्याला खरी गरज आहे ती हा अर्ज वेळेत मार्गी लागण्याची. शिवाय एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी असताना जे रात्री दिवे लावतात, त्यांना नियम ठाऊक नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिथे वक्ता नव्हे, गस्तीची नौका हवी.

प्रतिसाद २
मला दोघांचेही म्हणणे पटत नाही, कारण दोघेही खाणाऱ्याला मोकळे सोडतात. २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा घोषित केले, तरी तळहातापेक्षा लहान पापलेटे बाजारात खपतातच. एकदाही अंडी न घातलेला मासा आपण स्वस्त म्हणून विकत घेतो. म्हणून सभागृहातले व्याख्यान हवेच. मात्र त्यात प्रवाळाच्या चित्रांऐवजी कोणता मासा कोणत्या महिन्यात आणि केवढा घ्यावा, हे सांगितले जावे.

मूळ लेखिकेचे उत्तर
भरपाई आणि गस्त यांना माझा विरोध नाही. परंतु अर्ज कसा करायचा हेही कुणीतरी बंदरावर जाऊन सांगावेच लागते, आणि १ जूनपासून पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्याला असतात तेव्हा त्यासाठी सवड असते. ग्राहकाचा मुद्दा मात्र मी मान्य करते. तेवढ्यासाठी शहरातल्या व्यासपीठावर मासळी विकणाऱ्या कोळी भगिनींना बोलवावे. पिल्लांच्या टोपल्या कधीपासून वाढल्या, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.

प्रतिसाद १
बोलवा, पण त्यांच्या बुडालेल्या दिवसाचे मानधनही द्या.