विषय: घर बदलतेय, विजेची नोंदणी आधी की नंतर?

प्रेषक: मानसी

नमस्कार मंडळी,

१ तारखेला नव्या घराची चावी मिळतेय, म्हणजे हातात तीन आठवडे. सध्याच्या वीज कंपनीचा करार अजून आठ महिने चालू आहे. जर्मनीत उमत्सुगच्या, म्हणजे घर बदलण्याच्या, कारणाने तो मोडता येतो, हे गेल्या वेळच्या चर्चेत इथेच वाचलं. अडचण पुढची आहे. क्युंडिगुंग (करार मोडण्याचं पत्र) पाठवली आणि जुन्या कंपनीने नव्या घरी तोच करार चालू ठेवला तर? तोपर्यंत मी दुसरीकडे करार केला तर एका मीटरवर दोन करार होतील. आणि उत्तराची वाट बघत बसले तर १ तारीख उजाडेल. आधी काय करू? इंटरनेटचंही तसंच काही असतं का?

मानसी

---

प्रेषक: विद्याधर

मानसी, काळजी करू नकोस. आधी राहायला जा, सामान लाव. मीटरचा आकडा लिहून ठेव आणि मग निवांत कंपनी निवड. सहा आठवड्यांपर्यंत मागच्या तारखेने नोंदणी होते. मंडळातले सगळे असंच करत आलेत.

विद्याधरकाका

---

प्रेषक: श्रुती

काका, माफ करा, पण हे आता कुणीच करू नका. ६ जून २०२५ पासून विजेची मागच्या तारखेने नोंदणी होत नाही. घरात शिरण्याची नाही आणि सोडण्याचीही नाही. सहा आठवड्यांची सवलत तेव्हाच संपली. गॅसला मात्र तेव्हा हा बदल लागू झाला नाही, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

नोंदणी राहिली तर वीज बंद पडत नाही. दिवा लावल्या क्षणी त्या भागातल्या ग्रुंडफरझॉर्गरशी, म्हणजे मूळ पुरवठादाराशी, तुमचा करार आपोआप होतो. त्या जाळ्यात सर्वांत जास्त घरगुती ग्राहक ज्या कंपनीचे असतात ती ग्रुंडफरझॉर्गर ठरते आणि दर तीन वर्षांनी हे नव्याने ठरवतात. तिचा दर बहुतेक वेळा महाग पडतो. तिथून दोन आठवड्यांच्या सूचनेवर केव्हाही बाहेर पडता येतं, पण गेलेल्या दिवसांचे पैसे त्याच दराने भरावे लागतात.

त्याहून मोठा फटका जुन्या घराचा बसतो. ते सोडल्याचं उशिरा कळवलंत, तर त्या मीटरवरची वीज कळवेपर्यंत तुमच्याच नावावर चालू राहते. पुढचा भाडेकरू राहायला आलेला असला तरी बिल तुम्हाला येऊ शकतं.

आता मानसीच्या प्रश्नाकडे. ऊर्जा कायद्याचं कलम ४१ब असं आहे: घर बदलताना घरगुती ग्राहकाला सहा आठवड्यांच्या सूचनेने करार मोडता येतो, घर सोडण्याच्या तारखेपासून किंवा त्यानंतरच्या तारखेपासून. पण पत्र मिळाल्यापासून दोन आठवड्यांत कंपनीने जुन्याच अटींवर नव्या घरी वीज देऊ असं लेखी कळवलं आणि तिथे पुरवठा शक्य असला, तर हा हक्क उरत नाही. करार तुमच्याबरोबर येतो. म्हणूनच पत्रात नवा पत्ता किंवा नव्या जागेचा वीजजोडणी क्रमांक, म्हणजे मालो आयडी, द्यावा लागतो. तो टाळून पाठवलेली पत्रं अडकतात.

मानसी, पत्र आजच ईमेलने पाठव. सही करून पोस्टाने पाठवायची गरज नाही, ईमेल चालतो. त्यात ग्राहक क्रमांक, जुना मीटर नंबर, घर सोडण्याची तारीख, नवा पत्ता आणि पत्र मिळाल्याची पोच द्या ही विनंती एवढं हवं. शिवाय एक ओळ सरळ लिही: नव्या घरी पुरवठा चालू ठेवणार आहात का, ते लगेच कळवा. यासाठी दोन आठवडे पूर्ण घेतलेच पाहिजेत असं कंपनीवर बंधन नाही. विचारलं तर बऱ्याचदा लवकर कळतं.

श्रुती

---

प्रेषक: विद्याधर

पण आता २४ तासांत कंपनी बदलता येते असं म्हणतात ना? मग घाई कशाला? ३१ तारखेला केलं तरी चालेल.

विद्याधरकाका

---

प्रेषक: श्रुती

काका, ते २४ तास पुरवठादार आणि जाळं चालवणारी नेत्सबेट्राइबर कंपनी यांच्यातल्या तांत्रिक देवाणघेवाणीचे आहेत, तेही कामाच्या दिवशी. तुमचा अर्ज कंपनीच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो ते त्यात धरलेलं नाही. कराराची मुदत आणि सूचनेचा काळही त्याने बदलत नाही. ३१ तारीख रविवारी आली, तर अर्ज सोमवारच्या आधी हलणारही नाही.

---

प्रेषक: निखिल

मला वाटतं वाट बघण्यात अर्थ नाही. ऑनलाइन करारावर १४ दिवसांचा विडररूफ, म्हणजे करार मागे घेण्याचा हक्क, असतो. मानसीने आज क्युंडिगुंग पाठवावी आणि तीन-चार दिवसांनी तुलना पोर्टलवरून नवा करार करावा. जुन्या कंपनीची दोन आठवड्यांची मुदत आधी संपेल, विडररूफची नंतर. होकार आला तर नवा करार रद्द, नाही आला तर नवा करार तयारच. नव्या घरी पहिल्या दिवसापासून स्वस्त वीज. पोर्टलवर पहिल्या वर्षाचा बोनसही मिळतो.

निखिल

---

प्रेषक: श्रुती

तारखांचं गणित बरोबर आहे आणि मानसीला तीनच आठवडे असल्यामुळे हा मार्ग मलाही पटतो. पण त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील.

विडररूफ पुरवठा करणाऱ्या कंपनीकडे पाठवायचा, पोर्टलकडे नाही. पोर्टल मध्यस्थ आहे. कुठे आणि कसा पाठवायचा ते कराराच्या पुष्टीबरोबर आलेल्या सूचनेत असतं, ती ईमेल जपून ठेव. १४ दिवसांच्या आत पाठवला की पुरतं, तो कंपनीला नंतर पोचला तरी हरकत नाही.

दुसरं, अर्ज भरताना आइनत्सुग (राहायला येणं) निवड, वेक्सेल (कंपनी बदलणं) नाही. नव्या घरात तू राहायला येतेयस, तिथे तुझा आधीचा पुरवठादार नाही. चुकीचा पर्याय निवडला की नवी कंपनी तिथल्या जुन्या भाडेकरूचा करार मोडायला जाते, ते फेटाळलं जातं आणि या फेऱ्यात १ तारीख निघून जाते. अर्जात भाडेकरारातलीच तारीख घाल.

तिसरं बोनसचं. निखिल, त्याच्यावर हिशोब बांधू नका. नव्या ग्राहकाचा बोनस बहुतेक करारांत बारा महिने पुरवठा झाल्यावरच मिळतो. यादी लावताना बोनस वगळून बघ, म्हणजे दुसऱ्या वर्षी काय भरावं लागेल ते दिसतं. आगाऊ पैसे आणि ठरावीक युनिटांचं पॅकेज टाळ. पहिली मुदत १२ महिन्यांपेक्षा जास्त नको. दराची हमी मर्यादित असेल तर कर आणि सरकारी आकार बहुधा तिच्याबाहेर असतात, ते वाचून घे.

आणि पोर्टल म्हणजे स्वतंत्र सल्ला नव्हे. करार झाला की त्यांना कंपनीकडून दलाली मिळते, आणि बाजारातली प्रत्येक कंपनी त्यांच्या यादीत असेलच असं नाही. किमती बघायला ते उपयोगी आहे. अडचणीत काय करायचं ते मात्र फरब्राउखरत्सेंट्रालेकडे, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राकडे, विचारावं. प्रत्येक राज्याची वेगळी आहे, एकूण १६. नमुना पत्रं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, उमत्सुगचंही आहे.

---

प्रेषक: अनघा

फरब्राउखरत्सेंट्राले फुकट नाही हो. समोर बसून सल्ला हवा तर बहुतेक ठिकाणी फी असते आणि ती राज्याराज्यांत वेगळी असते. जाण्यापूर्वी फोन करून विचारावं, भेटीची वेळ ठरवावी. करार, कंपनीचा पत्रव्यवहार आणि शेवटचं बिल बरोबर न्यावं. नुसतं तोंडी सांगितलं तर तेही तोंडी आणि ढोबळच सांगतात.

कंपनीशी वाद पेटला असेल तर फी भरण्याआधी आणखी एक करता येतं. कंपनीला लेखी तक्रार द्यायची. उत्तरासाठी चार आठवडे. तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर बर्लिनच्या श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गीकडे, म्हणजे ऊर्जेच्या वादांत तडजोड घडवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज. ग्राहकाला हे फुकट आहे. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, फोनवर बोललो हे चालत नाही.

अनघा

---

प्रेषक: निखिल

अनघाताई, पण हे सगळं तीन आठवड्यांत कसं होणार? मानसीला चावी १ तारखेला हवी आहे.

---

प्रेषक: अनघा

मी मानसीसाठी लिहिलं नव्हतं, फीबद्दल लिहिलं होतं. मानसीसाठी श्रुतीने सांगितलंय तेच.

---

प्रेषक: समीर

इंटरनेटचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. दूरसंचार कायद्याचं कलम ६०. नव्या पत्त्यावर तीच सेवा मिळत असेल, तर कंपनीला ती त्याच करारावर तिथे चालू करावी लागते. मुदत नव्याने सुरू होत नाही, हे ठासून सांगायचं, कारण फोनवर नवे २४ महिने गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. हलवण्याचं शुल्क घेता येतं, पण नव्या जोडणीच्या शुल्कापेक्षा जास्त नाही. ठरलेली सेवा तिथे मिळतच नसेल, तर एक महिन्याच्या सूचनेने करार मोडता येतो, लवकरात लवकर घर सोडण्याच्या तारखेपासून. मानसी, तुझ्याकडे तीन आठवडे आहेत, म्हणजे ही सूचना आजच गेली तरी शेवट घर सोडल्यानंतर येईल. उद्यावर ढकलू नकोस.

क्युंडिगुंगचं बटण १ जुलै २०२२ पासून कंपन्यांच्या साइटवर असायलाच हवं, लॉगिन न करता सापडायला हवं. तिथे साधी क्युंडिगुंग निवडू नकोस, आउसरऑर्डेंटलिश (विशेष कारणाने) निवड आणि कारणाच्या रकान्यात उमत्सुग व नवा पत्ता लिही. साधी निवडली तर अर्ज मुदतीच्या शेवटच्या तारखेवर जाऊन बसतो, आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा पत्रव्यवहार. पोच लगेच ईमेलने आली पाहिजे. नाही आली तर स्क्रीनचा फोटो काढ.

तंत्रज्ञ ठरल्या वेळी आला नाही तर १० युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल ते मागता येतं. ते आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये, मागायचं.

समीर

---

प्रेषक: सचिव

सर्वांना विनंती. ‘घर बदलताना’ ही फाइल मी सांभाळतो. कृपया कुणी तिची वेगळी प्रत काढून फिरवू नये. मागच्या वेळी दोन प्रती झाल्या आणि सहा आठवड्यांचा जुना नियम दुसऱ्या प्रतीत तसाच राहिला, अजून लोक तोच वाचतात. ६ जून २०२५ चा बदल मी आज घालतो. श्रुतीचा कलम ४१ब चा मजकूर आणि समीरचं कलम ६० त्यांच्या परवानगीने घेतो. विजेचं पान मी दोघांना बघायला पाठवेन.

---

प्रेषक: श्रुती

घ्या जरूर. फक्त ‘सहा आठवडे’ हे शब्द दोन ठिकाणी येतात ते नीट वेगळे ठेवा. नोंदणीचे सहा आठवडे गेले. घर बदलताना करार मोडण्याच्या सूचनेचे सहा आठवडे कायम आहेत. मानसीचा जुना करार कायद्याप्रमाणे १ तारखेनंतर तीन आठवडे चालू राहू शकतो. तिच्या कराराच्या अटींत कमी सूचना लिहिलेली असेल तर ती लागू होईल, म्हणून अटी आधी वाचाव्यात.

---

प्रेषक: मानसी

सगळ्यांचे आभार. क्युंडिगुंग आत्ताच पाठवली, नवा पत्ता घालून. नवा अर्ज गुरुवारी करते. पण मालो आयडी माझ्याकडे नाही. घरमालक म्हणतात मीटर नंबर पुरेल. आणि तळघरात सहा मीटर एका रांगेत आहेत, त्यातला एक आमचा.

---

प्रेषक: विद्याधर

मालो आयडी म्हणजे काय, तेही फाइलमध्ये घाला.

---

प्रेषक: समीर

११ आकड्यांचा क्रमांक, तो जागेचा असतो. मीटर बदलला तरी तोच राहतो. मीटर नंबर त्या यंत्रावर छापलेला असतो, तो वेगळा. आधीच्या भाडेकरूच्या बिलावर मालो आयडी असतो. नाहीतर नेत्सबेट्राइबरकडे पत्ता आणि मीटर नंबर देऊन मागावा. फक्त मीटर नंबरवरही अर्ज होतो, पण मालो आयडी असेल तर जागा ओळखण्यात घोळ होत नाही.

मानसी, चावी घेताना मालकासमोर मीटर पटवून घे. घरातल्या फ्यूजपेटीतला मुख्य स्विच बंद करायचा आणि दुसऱ्या माणसाने तळघरात बघायचं. जुन्या मीटरची चकती थांबली किंवा डिजिटल मीटरवर चालू वापर शून्यावर आला, तर तो तुझा. चिकटवलेल्या नावावर विसंबू नकोस, मीटरांची अदलाबदल झालेली असते आणि मग वर्षभर शेजाऱ्याचं बिल भरावं लागतं. फोटोत मीटर नंबर आणि आकडा दोन्ही यायला हवेत. डिजिटल मीटरवर १.८.० या ओळीचा आकडा घे, २.८.० नाही, ती छपरावरच्या सौर पॅनेलकडून बाहेर गेलेल्या विजेची असते. तोच आकडा चावीच्या प्रोटोकोलवर, म्हणजे ताबा घेतानाच्या नोंदपत्रावर, लिहून दोघांच्या सह्या. जुन्या घरीही हेच कर आणि तिथला आकडा त्याच दिवशी जुन्या कंपनीला ईमेलने पाठव.

---

प्रेषक: अनघा

दिवसरात्रीचा दुहेरी दर असेल तर मीटरवर दोन आकडे असतात, दोन्ही लिहायचे. आणि मीटर नंबर, मालो आयडी फोनवर कुणालाही सांगू नका. नेत्सबेट्राइबरकडून बोलतोय म्हणून फोन येतात आणि तेवढ्यावर कंपनी बदलायचा अर्ज टाकतात. फोनवरच्या होकाराने विजेचा करार होत नाही, तो लेखी लागतो, पण निस्तरायला वेळ जातोच.

---

प्रेषक: मानसी

कळलं. शनिवारी मालक भेटतायत, तेव्हाच मीटर बघून घेते आणि बिलाची प्रत मागते. समीर, मुख्य स्विच बंद करताना वरच्या मजल्यावरचं काही बंद पडत नाही ना?

---

प्रेषक: समीर

फक्त तुझ्या घरातल्या पेटीतला स्विच बंद करायचा, तळघरातल्या मीटरपेटीतला नाही. वायफाय राउटर आणि फ्रीज थोडा वेळ बंद राहतील, तेवढंच.