मदत हवी आहे: बाबांच्या पाठीतलं पाणी काढणार आहेत, तयारी काय करू?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, आयुष्यभर गाडीखाली झोपून काम केलेला माणूस. गेल्या दीड वर्षात त्यांचं चालणं बिघडत गेलं. पाय उचलतच नाहीत, फरशीवरून घासत नेतात. सगळ्यात जास्त अडतात ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. चौकट धरून उभे राहतात, अंग पुढे झुकतं, पण पाय जागचा हलत नाही. मी मागून "बाबा, उजवा" म्हणते. कधी निघतो, कधी दोन-दोन मिनिटं तसेच उभे. लघवीला जायचंय हे कळतं, पण पोचेपर्यंत थांबत नाही, आणि त्याची त्यांना फार शरम वाटते. नातवंडांची नावं, जुने हिशेब सगळं आठवतं, पण विचारलेल्याचं उत्तर द्यायला वेळ लागतो.

आधी पार्किन्सन समजून सहा महिने गोळ्या दिल्या, काही फरक पडला नाही. मग एमआरआय झाला, त्यात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. आता मेंदूचे डॉक्टर म्हणतात, हा एनपीएच असू शकतो, म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस. खात्री करायला टॅप टेस्ट करायची: कमरेतून सुई घालून ४० मिलीच्या आसपास पाणी काढायचं आणि चालण्यात फरक पडतो का ते बघायचं. अजून ११ दिवस आहेत.

घरात यावरून रोज वाद आहे. आई म्हणते, पाठीत सुई घातली की माणूस कायमचा बसतो, आहे ते चालणंही जाईल. ती सहीच करू देत नाहीये. बाबा काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी एकदा विचारतात, "दुखेल का गं?" मला काय सांगावं कळत नाही.

फार दुखतं का? उपाशी न्यायचं का? आम्हाला आत थांबू देतात का? नंतर किती वेळ झोपवून ठेवतात? बाबांना मधुमेह नाही. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. ज्यांनी हे घरात पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.

अबोली२२:

ताई, मी सतरा वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. एलपीला (लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुईने पाणी काढणं; वॉर्डात आम्ही एलपीच म्हणतो) रोज हात लावते, म्हणून जसं होतं तसं सांगते.

बाबांना कुशीवर झोपवतील, अगदी कॉटच्या कडेला. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ धनुष्यासारखी बाहेर. पाठ जितकी वाकते तितकी दोन मणक्यांमधली फट उघडते आणि काम एका सुईत होतं. हे आजपासून घरी करून घ्या. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं, गुडघ्यांमध्ये उशी देऊन. म्हाताऱ्या माणसांना आयत्या वेळी वाकायला जमत नाही, मग सुई दोन-तीनदा घालावी लागते आणि "फार त्रास झाला" म्हणतात तो त्यामुळे.

मग पाठीला औषध लावतात, ते बर्फासारखं गार लागतं. त्यानंतर जागा बधिर करायचं इंजेक्शन. खरी चुणचुण होते ती याची, दहा-पंधरा सेकंद जळजळतं. नंतरच्या मोठ्या सुईचा फक्त दाब कळतो. मध्येच एका पायात करंट गेल्यासारखं झालं तर घाबरून हलायचं नाही, तोंडाने सांगायचं: "डावा पाय" किंवा "उजवा पाय". डॉक्टर सुईची दिशा बदलतात. हे बाबांना आधीच दोन-तीनदा सांगून ठेवा, कारण त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंय.

पाणी ओढून काढत नाहीत, ते थेंब थेंब आपोआप गळतं. ४० मिली म्हणजे वेळ लागतो. सगळं धरून अर्धा-पाऊण तास मनात धरा. आत थांबू देतात की नाही ते डॉक्टरांवर आहे. पण विचारा. डोक्याशी बसून हात धरणारं माणूस असलं की पेशंट कमी हलतो, आम्हालाही सोपं जातं.

उपाशी सहसा ठेवत नाहीत, कारण पूर्ण भूल नसते. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच नाश्ता द्या. आत न्यायच्या आधी लघवी करून घ्या. मागून उघडणारा शर्ट किंवा सैल सदरा, नाडीची पायजमा-लुंगी. डायपर लागत असेल तर दोन जास्तीचे न्या. सुई घालताना लघवी होईल या भीतीने माणूस अंग आवळून धरतो, डायपर असला की तो निवांत होतो.

निवृत्त_भूलतज्ज्ञ:

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी गोळ्यांचं बघा. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या एक किंवा दोन गोळ्या असतात. नुसती अ‍ॅस्पिरिन असेल तर बहुधा थांबवावी लागत नाही. क्लोपिडोग्रेल असेल तर ती ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते. ११ दिवस म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. आणि ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. स्टेंट कोणता, कधी घातला हे पाहून हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी द्यायला हवं. ती चिठ्ठी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. मी अशा किती तरी केसेस पाहिल्या आहेत, जिथे पेशंट टेबलावर आला, तेव्हा गोळीचं कळलं आणि परत पाठवावं लागलं.

आता आईंच्या भीतीबद्दल. ती भीती उगाच नाही, ती आपल्याकडे घराघरात आहे, आणि "काही होत नाही हो" म्हणून ती जात नाही. त्यांना असं समजावून सांगा. मज्जारज्जू, म्हणजे ज्याला इजा झाली तर पाय जातील तो, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये. तिथे मज्जारज्जू नसतोच, पाण्यात मोकळ्या सोडलेल्या नसांचा झुपका असतो. वैद्यकात त्याला घोड्याची शेपटी असंच नाव आहे. सुई आली की त्या नसा बाजूला सरकतात. सिझेरियनला पाठीत इंजेक्शन देतात ते याच पट्ट्यात. घरातल्या कुणा सुनेचं, मुलीचं सिझेरियन झालं असेल तर आईंना तिच्याशी बोलू द्या.

पाय जाण्याचा धोका अगदी दुर्मिळ आहे, पण तो आहे, आणि तो बहुतेक वेळा सुईने नव्हे तर आत रक्त साकळल्याने होतो. म्हणूनच गोळ्यांचं मी सगळ्यात आधी लिहिलं. नंतर पाय जड किंवा बधिर वाटू लागले, लघवी अडली, ताप आला, मान कडक झाली, सुईच्या जागेतून पाणी पाझरत राहिलं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

आणि पाणी काढलं म्हणजे मेंदू कोरडा पडेल असंही पुष्कळांना वाटतं. मोठ्या माणसाच्या मेंदू-मणक्यात मिळून साधारण १५० मिली पाणी असतं आणि शरीर दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार करतं. ४० मिली दोनेक तासांत भरून निघतं.

उत्तररात्र:

माझं वय २९, एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा एक आजार) शंकेने गेल्या वर्षी ही तपासणी झाली. सुईचा त्रास नाहीच झाला. पण दुसऱ्या दिवशी उठून बसले की डोकं असं ठणकायचं की पुन्हा आडवं व्हावं लागायचं. आडवं झालं की पाच मिनिटांत थांबायचं. कडक कॉफी, दुखण्याची गोळी आणि चार दिवस झोपून राहणं यावर गेलं. माझ्या डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. तुम्हीही बाबांना आधी सांगून ठेवा.

निवृत्त_भूलतज्ज्ञ:

@उत्तररात्र, बरोबर लिहिलंत. सुईच्या भोकातून आत पाणी झिरपत राहतं म्हणून ती डोकेदुखी होते. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जनने १८९८ मध्ये स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली, आणि हीच डोकेदुखी त्याला बरेच दिवस भोगावी लागली. ती तरुण बायकांना जास्त होते, सत्तरीच्या पुढे बरीच कमी. पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने प्रमाण घटतं, तुमच्याकडे ती मिळते का हे विचारायला हरकत नाही. पूर्वी आम्ही चोवीस तास उशीशिवाय सपाट झोपवायचो. त्याने डोकेदुखी टळत नाही हे आता माहीत आहे. टॅप टेस्टमध्ये तर माणसाला उठून चालायचंच असतं. डोकेदुखी लांबलीच तर पेशंटचंच थोडं रक्त त्या जागी सोडून भोक बंद करतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात.

सोनचाफा:

कृष्णाकाठ, माझ्या सासूबाईंची हीच टेस्ट तीन वर्षांपूर्वी झाली. त्या उंबऱ्याचं वाचलं आणि आमचं घर डोळ्यांसमोर आलं. आमची चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये.

आम्ही सगळं लक्ष सुईकडे दिलं. टेस्ट आहे चालण्याची, आणि तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आधीचं चालणं नीट मोजलंच नाही. नंतर डॉक्टरांनी विचारलं, फरक वाटतो का, तर मुलगा म्हणाला हो, मुलगी म्हणाली नाही, मी म्हणाले थोडासा. शेवटी दोन महिन्यांनी पुन्हा सगळं करावं लागलं. त्या बाईला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली ती आमच्यामुळे.

म्हणून आतापासून मोबाइलवर व्हिडिओ काढा. तीच खोली, त्याच चपला (किंवा अनवाणी), तेवढंच अंतर, तोच आधार. खुर्चीतून उठणं, सरळ चालणं, वळणं. वळण विसरू नका, एनपीएचचं माणूस वळताना फार पावलं टाकतं. बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून घ्या. हॉस्पिटलातही आधी मोजतील, नंतर काही तासांनी मोजतील, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशीही. घरच्या व्हिडिओची त्यांना मदत होते. कधी कधी फरक दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून दोन-तीन दिवस काढत राहा.

आणि बाबांना "बघा, छान चालताय" असं म्हणू नका. आपल्याला फरक हवाच असतो, त्यांनाही कळतं आणि ते ओढून ताणून चालतात. लघवीचीही नोंद ठेवा, किती वेळा, किती वेळा कपड्यात झाली.

फायदा झाला तरी तो टिकत नाही, तो फक्त खूण म्हणून बघायचा. आणि फरक नाही दिसला तर आजार नाहीच असं होत नाही. अशा वेळी काही ठिकाणी कमरेत बारीक नळी ठेवून तीनेक दिवस पाणी काढून बघतात. हा आजार बोगोटाच्या सालोमोन हाकिम या डॉक्टरांनी १९६५ मध्ये जगापुढे मांडला, तेव्हापासून यावरचा उपाय म्हणजे शंट, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी बहुधा पोटात सोडणारी, ऑपरेशनने आत बसवलेली नळी. वयाने असंच होतं म्हणून कितीतरी जणांचा सोडून दिला जातो. तुम्ही इथवर आणलंत, हे मोठं आहे.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लोपिडोग्रेलच आहे, अ‍ॅस्पिरिनसोबत. परवा हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी क्लोपिडोग्रेल सात दिवस बंद, अ‍ॅस्पिरिन चालू, असं लिहून दिलं. हे आम्हाला आधी कुणीच विचारलं नव्हतं.

घोड्याच्या शेपटीचं आईला चित्र काढून दाखवलं. मग वहिनी तिच्याशी बोलली, तिची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. आई अजून "सही मी करणार नाही" म्हणते, पण "तू कर" म्हणाली. बाबा रोज कुशीवर गुडघे ओढून झोपतात. काल म्हणाले, गाडीखाली असाच आकसून शिरायचो.

कृष्णाकाठ:

काय झालं ते कळवते.

मंगळवारी टेस्ट झाली. मला डोक्याशी बसू दिलं. बधिर करायच्या इंजेक्शनला बाबांनी माझी बोटं घट्ट दाबली, नंतर पकड सैल झाली. पहिल्या जागेत सुई गेली नाही, म्हातारपणाची झीज आहे म्हणाले, वरच्या फटीत गेली. पाणी अगदी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. चार छोट्या बाटल्या, सगळं मिळून ४० मिली.

आधी दहा मीटरला ३१ सेकंद आणि ३८ पावलं लागली होती. चार तासांनी २४ सेकंद आणि २९ पावलं. आम्ही गप्प बसून फक्त मोजलं. डोकं दुखलं नाही, कंबर दोन दिवस दुखली.

बुधवारी सकाळी घरी ते न्हाणीघराकडे गेले. मी सवयीने मागे उभी होते. त्यांनी चौकटीला हात लावला, पाय उचलला आणि आत गेले. मला "उजवा" म्हणावंच लागलं नाही. आई स्वयंपाकघरातून बघत होती. शुक्रवारपासून पाय पुन्हा घासायला लागले, पण सोनचाफाताईंनी आधी लिहिलं होतं म्हणून धीर सुटला नाही. सगळे व्हिडिओ डॉक्टरांना दाखवले.

आता शंट सुचवला आहे. बाहेरून चुंबकाने दाब जुळवता येणारा व्हॉल्व्ह बसवायचा की साधा, हे दोन आठवड्यांत ठरवायचं आहे. किमतीत बराच फरक आहे. ज्यांच्या घरी यातला कुठलाही बसवला आहे त्यांनी इथेच लिहा, विशेषतः नंतर दाब किती वेळा बदलावा लागला ते.