कोल्हापुरात हेरिटेज वॉक: कुणासोबत, कुठून आणि किती वेळ?

वैदर्भी

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नागपूरहून कोल्हापूरला येतोय. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. अंबाबाईचं दर्शन तर घ्यायचंच आहे, पण गाडीतून उतरा, फोटो काढा, परत गाडीत बसा, असं फिरायचं नाहीये. जुनं गाव पायी बघायचंय. गल्लीबोळांतून कुणीतरी तिथल्या गोष्टी सांगत सोबत चालावं, एवढीच इच्छा.

अडचण अशी की मुलगा सध्या प्रत्येक गोष्टीवर "हे खरंच झालं होतं का?" असं विचारतो. मागे एका शहरात आम्ही गाईड घेतला होता. त्यानं दंतकथा, सनावळ्या आणि स्वतःच्या मनातलं सगळं एकाच सुरात सांगितलं आणि पोरानं विचारलं की त्याला गप्प बसवलं. पुढं तो ऐकेचना. तसं पुन्हा नको.

सासूबाई सपाट रस्त्यावर तासभर छान चालतात, पायऱ्या मात्र जमत नाहीत. चांगला गाईड कसा शोधायचा, सुरुवात कुठून करायची, आणि एका दिवसात होईल का, एवढं सांगा.

रंकाळाकाठ

या या, स्वागत आहे! एका दिवसात होणार नाही, एवढं आधीच सांगतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

तटाकडेचा

वैदर्भीताई, सविस्तर लिहितो. पाहुणे आले की त्यांना गावात फिरवायचं काम आमच्या घरी माझ्याकडेच असतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

आधी गाईडबद्दल. मोबाईलवर जाहिरात बघून लगेच पैसे भरू नका. जिथं उतरणार तिथं विचारा, टाऊन हॉल म्युझियममध्ये विचारा, शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात ओळख निघत असेल तर फारच उत्तम. नाव मिळालं की फोनवर एकच प्रश्न विचारा: "रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तुम्ही कशी सांगता?"

गोष्ट अशी. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. ज्या दिवशी तो तळ्यात पोहोचेल त्या दिवशी जगबुडी. आमच्याकडं प्रत्येक आजीनं ही सांगितलेली असते. फोनवरचा माणूस "लोक असं सांगत आलेत" म्हणून रंगवून सांगायला लागला, आणि मग इथं आधी दगडाची खाण होती, भूकंपानं ती खचली आणि पाणी भरलं असं मानतात, देवळाचा दगडही याच खाणीतला म्हणतात, इथपर्यंत आला, तर डोळे झाकून त्याला घ्या. गोष्टीला गोष्टीचा मान आणि दगडाला दगडाचा मान देणारा माणूस तुमच्या मुलाला गप्प बसवणार नाही. दहाबारा जणांपेक्षा मोठा गट असेल तर मात्र जाऊ नका. आमच्या बोळांत मागच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही.

सुरुवात माझ्या मते नदीपासून करावी. गावाची सुरुवातच तिथली. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५ च्या आसपास तिथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्यातच रोमन बनावटीची काशाची भांडी निघाली आणि पोसायडन या समुद्रदेवाची एक छोटी मूर्ती निघाली. सह्याद्रीच्या अलीकडं, समुद्रापासून एवढ्या आत, रोमन लोकांचा समुद्रदेव! तो कोणत्या घाटानं, कुणाच्या गाठोड्यातून आला असेल, याचा विचार तुमच्या मुलाला करू द्या.

तिथून गंगावेस, मग पापाची तिकटी. वाटेत बाबूजमाल दर्गा लागतो. त्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. तिथं घाईनं पुढं जाऊ नका. मोहरमचे पंजे आणि गणेशोत्सव दोन्ही मनापासून करणाऱ्या तालमी, म्हणजे पेठापेठांतल्या व्यायामशाळा-मंडळं, या गावात आहेत, हे त्या दारासमोर उभं राहिल्यावर चटकन कळतं.

पुढं चप्पल लाईन. दुकानं इथं आहेत, चप्पल घडते ती जास्त करून सुभाषनगर, जवाहरनगरच्या बाजूला. ओळखीनं एखाद्या कारागिराकडं जायला मिळालं तर नक्की जा. रापीनं चामडं कापतात, आरीनं भोक पाडून चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा कुठंच नाही. तळव्याची बाजू बोटानं चाचपून बघा, थरावर थर हाताला लागतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून.

मग महाद्वारातून देऊळ. आत लोक दर्शनाच्या रांगेत उभे राहतात आणि तसेच बाहेर पडतात. तुम्ही बाहेरून एक प्रदक्षिणा सावकाश घाला आणि भिंतींवरच्या योगिनी बघा, ६४ आहेत. काहींचे दागिने, वेणीचे पेड अजून स्पष्ट दिसतात. धामधुमीच्या काळात मूळ मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि १७१५ च्या दसऱ्याला करवीरकर संभाजीराजांच्या काळात ती पुन्हा देवळात बसवली. हा इतिहास. देवीनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं या क्षेत्राला माझं नाव राहू दे असा वर मागितला, ही पुराणकथा. गाईडनं दोन्ही सांगाव्यात, पण वेगवेगळ्या सांगाव्यात.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. या गावाची खरी वाट पाण्याची होती. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, पद्माळा, रावणेश्वर, सगळी तळी होती. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई आहे. ग्रामदैवत कपिलेश्वर तिथंच मंडईत आहे, कोथिंबिरीच्या आणि मेथीच्या जुड्यांमधून वाट काढत जावं लागतं. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं आहे आणि तिथं पेठापेठांचे फुटबॉल सामने रंगतात. देवळातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलेलं होतं, अलीकडं ते पुन्हा उकरून मोकळं केलं. "इथं पाणी होतं" असं प्रत्येक ठिकाणी थांबून सांगणारा गाईड मिळाला तर तो सोडू नका. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही, आणि आम्ही सांगायचं थांबवलं तर पुढच्या पिढीला मंडई तेवढी दिसेल.

खासबागवाला

वरच्या भावानं झकास लिहिलंय. पण शाहू महाराजांची वाट राहिली, आणि ती राहून कशी चालंल? ती दुसऱ्या दिवशी ठेवा, संध्याकाळची.

भवानी मंडपातनं निघायचं. जुना राजवाडा, भवानीचं देऊळ बघून पाच-सात मिनटांत खासबाग मैदान. महाराज १९०२ ला विलायतेला गेलेले, त्या प्रवासात रोमचं कलोसियम बघितलं आणि तसलंच मैदान आपल्या पैलवानांसाठी पाहिजे म्हणून हे बांधलं. १९०७ ला काम सुरू, १९१२ ला पुरं. सगळ्यात वरच्या कडंला जाऊन बसा. मधला हौदा, म्हंजे कुस्तीचा आखाडा, तिथनंबी तितकाच स्वच्छ दिसतोय. पुढं कुणाचं डोस्कं आडवं येत न्हाई, मग तो सरदार असू दे न्हाईतर गाडीवान. हौद्यातली लाल माती बघून या. ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मळत्यात. मोतीबाग न्हाईतर गंगावेस तालमीत सकाळी लवकर विचारून गेला तर पोरं मेहनत करताना दिसतील. जोर-बैठका चालू असताना मात्र मधे बोलायचं न्हाई.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांनीच बांधलेलं, १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री अख्खं गाव रस्त्यावर उभं होतं, म्हातारी माणसं रडत होती. परत उभारायचं काम हाती घेतलंय. लांबनं का हुईना, बघा.

तिथनं बिंदू चौक. जुन्या तटाचा तुकडा तिथं शिल्लक हाय, आणि महात्मा फुले व बाबासाहेबांचे पुतळे हायत. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन १९५० साली बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे पोराला आवर्जून सांगा.

मग भाऊसिंगजी रोड. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी काढलेलं सत्यसुधारक हॉटेल याच रस्त्यावर होतं. हौदाचं पाणी घेतलं म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं होतं. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. महाराज पितोय म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनापण प्यावा लागला. ही दंतकथा न्हवं, घडलेली गोष्ट हाय. हॉटेल आता न्हाई, पण ती जागा दाखवणारा गाईड पाहिजे. जो ह्या रस्त्यानं गाडीत बसवून नेईल त्याला पैसे देऊ नका.

शेवट दसरा चौकात. आजूबाजूला वेगवेगळ्या समाजाच्या पोरांसाठी निघालेली वसतिगृहं हायत. त्यातली पहिली १९०१ पासनंची. आणि २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम, त्योबी ह्याच गावचा.

पेठेतली_सून

ताई, सासूबाईंचं मी सांगते, माझ्याही सासूबाईंना घेऊन मी असंच फिरते.

ब्रह्मपुरीचा चढ आणि घाटाच्या पायऱ्या त्यांना नकोत. त्यांना थेट महाद्वारात रिक्षानं आणा आणि तिथून पुढं सोबत घ्या. गुजरीतून, म्हणजे सराफांच्या पेठेतून, चालणं त्यांना फार आवडेल, रस्ता सपाट आहे. एखाद्या सराफाला कोल्हापुरी साज, गळ्यातला दागिना, दाखवायला सांगा, न घेताही दाखवतात. साजाची २१ पानं असतात, दशावतारांची, अष्टमंगलांची, माणिक-पाचूची. सासूबाईंच्या पिढीला ती ओळखता येतात, तेव्हा तिथं गाईडला जरा थांबवा आणि नातवाला आजीकडून ऐकू द्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी देवळात गर्दी जास्त असते, वॉकसाठी ते वार टाळा. शुक्रवारी रात्री मात्र देवीची पालखी निघते, त्यासाठी वेगळं जा. चपला मऊ आणि पटकन काढता येतील अशा घाला. नवी कोल्हापुरी घेतलीत तर ती घालून त्याच दिवशी चालू नका, आधी तेल लावून घरात वापरा.

आणि गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ ग्लास हातात. मुलगा पिईल की नाही माहीत नाही, पण बघेल नक्की.

टेंबलाईवाडी

सगळ्यांनी पेठांचंच सांगितलं, आमची त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, राहिली! टेकडी गावाबाहेर आहे, चालत नको, रिक्षा करा.

कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं योगदंड मिळवून सगळ्या देवांना मेंढरं करून टाकलं. त्र्यंबोलीनं त्याला मारलं आणि देवांना सोडवलं. पण विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून दरवर्षी ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईवर येते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. लहान मुलांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण रुसणं त्यांना कळतं.

एक मतभेद नोंदवतो. ब्रह्मपुरीपासून सुरुवात करू नका. मुलाला तिथं टेकडी आणि घरं सोडून काही दिसणार नाही. आधी टाऊन हॉलमध्ये पोसायडन दाखवा.

तटाकडेचा

हे पटलं. म्युझियम आदल्या दिवशी करा, फक्त सुट्टीचा वार विचारून घ्या. ती इमारतही बघण्यासारखी आहे, मेजर मँट नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकारानं १८७० च्या दशकात बांधलेली, नवा राजवाडाही त्याचाच. मूर्ती डोळ्यांत असली की दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीवर त्याला काही वेगळं सांगावं लागणार नाही.

वैदर्भी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! असं ठरवतोय: पहिल्या दिवशी दुपारी टाऊन हॉल. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपासून देवळापर्यंत, सासूबाई महाद्वारापासून सोबत. दुपारी रिक्षानं टेंबलाई, तिथं त्या खालीच थांबतील. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाहू महाराजांची वाट. नंदीचा प्रश्न लिहून ठेवलाय.

एक राहिलं. आम्ही ९ तारखेला पोहोचतोय, तेव्हा किरणोत्सव असतो असं वाचलं. तो बघायला मिळेल का?

पेठेतली_सून

बरोबर त्याच दिवसांत येताय. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग असले किंवा हवेत धूर-धूळ असली तर किरणं अर्ध्यातच विरतात. महाद्वार रोडवरच्या वाढलेल्या इमारतींचाही अडथळा होतो, म्हणून दरवर्षी मुखापर्यंत जातीलच असं नाही.

नोव्हेंबरात वेळ पावणेसहाच्या आसपासची. आत फार दाटी होते, सासूबाईंना घेऊन तिथं उभं राहू नका, आवारात मोठ्या पडद्यावर दाखवतात ते बघा. तुमची शाहू वाट ११ च्या संध्याकाळी येतेय, ती सकाळी घ्या. तेवढं बदललंत की सगळं बसतं.

खासबागवाला

सकाळी घेताय तर सातला मोतीबाग तालमीपासनं सुरू करा. पोराला घेऊन या, पैलवान लोक लहान पोरांना कधी परत पाठवत न्हाईत.