मदत हवी आहे : नाटोचे कलम ५ आणि बाल्टिक देशांची सुरक्षा
नमस्कार. लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या बाल्टिक देशांच्या रशियापासूनच्या संरक्षणावर टिपण लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. नाटो या अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीच्या कराराचे कलम ५ एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानते. पण मूळ मजकूर बारकाईने वाचल्यावर दिसते की प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे, आणि तीत सशस्त्र बळाचा वापर येऊ शकतो, तो सक्तीचा मात्र नाही. हे कलम आजवर एकदाच, २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर लागू झाले. आज शंका घेतली जाते ती अमेरिकेच्याच शब्दाविषयी, याने मी खरोखर अस्वस्थ होतो.

रशियाचा मित्र बेलारूस आणि मुख्य रशियापासून तुटलेला रशियन प्रदेश कालिनिनग्राद यांच्या मधली, पोलंड-लिथुआनिया सीमेवरची सुवाल्कीची पट्टी जेमतेम ६५ किलोमीटरची आहे. ती तुटली, तर तिन्ही देशांचा मित्रराष्ट्रांशी जमिनीवरचा संपर्कच तुटतो. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आल्याने बाल्टिक समुद्राची बाजू भक्कम झाली, जर्मनीही लिथुआनियात कायमस्वरूपी ब्रिगेड (काही हजार सैनिकांचे दल) उभारत आहे. तरीही अमेरिकेने हात आखडता घेतल्यास टेहळणी उपग्रह, अवजड हवाई वाहतूक आणि अण्वस्त्रांचे छत्र यांची उणीव युरोप कशी भरून काढेल?

फ्रान्स आणि ब्रिटन यांची अण्वस्त्रे इतरांसाठी कितपत विश्वासार्ह धाक ठरतात, हे जाणकारांनी कृपया सविस्तर समजावून सांगावे.