चॅनेल नाही? मग व्हीआरएस घ्या!

खडूफळा:
'ज्या प्राध्यापकाचं यूट्यूब चॅनेल नाही त्याने व्हीआरएस घ्यावी.' ही पोस्ट सकाळपासून चौघांनी मला पाठवलीय, दोन माजी विद्यार्थी धरून. २२ वर्षं तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतेय. मागणीचा वक्र फळ्यावर काढताना मागच्या बाकावरचे चेहरे दिसतात, कोण कुठे अडलंय ते कळतं. लॉकडाउनमध्ये तेच झूमवर शिकवलं. ६२ नावं, ६२ काळे चौकोन. तास संपला तरी दोघं 'हजर'च. झोपले होते.

मोबाइलवर_शिकलेला:
मॅडम, झूमवरही फळाच शिकवलात तर पोरं झोपणारच. आमचे सर डेटा स्ट्रक्चरला सेमिस्टरभर पीपीटी वाचून दाखवायचे. मी पास झालो एनपीटीईएलच्या ऑनलाइन लेक्चरांच्या जिवावर. आयआयटीवाल्यांचं हे काम २००३ पासून चाललंय, बघायला फुकट. यूजीसीने तर २०२१ मध्ये 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायची मुभा दिली. अजून काय हवं?

खडूफळा:
मराठी हवं. बहुतेक लेक्चरं इंग्रजीत आहेत, माझी एफवायची पोरं पाचव्या मिनिटाला बंद करतात. बघायला फुकट, पण सर्टिफिकेटच्या परीक्षेला हजार रुपये. ते कोण भरणार, तुम्ही?

सीएचबी_सातवं_वर्ष:
तुमचं चालू द्या. आम्ही सीएचबीवाले, म्हणजे कायम नोकरी नाही, तासिकेप्रमाणे पैसे. रात्री ११ ला 'सर, इम्पॉर्टंट क्वेश्चन टाका ना' येतं, ते कुठल्या बिलात लावू? उन्हाळ्यात मानधन बंद, व्हॉट्सॲप ग्रुप चालू. कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी येणार म्हणून साहेबांनी व्हिडिओ करायला लावले. बायकोच्या मोबाइलवर ४० केले. पुढच्या जूनला मुलाखतीत दुसऱ्यालाच घेतलं. माझे व्हिडिओ कॉलेजच्या चॅनेलवर अजून आहेत, खाली 'आमचे तज्ज्ञ प्राध्यापक'.

निवृत्त_पण_जागा:
प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट-नेट, आहे का? आम्हीही सुरुवातीला कमी पगारात राबलो, रडगाणं नाही गायलं.

सीएचबी_सातवं_वर्ष:
सेट आहे, पीएचडी आहे, घरचा हप्ताही आहे. काका, तुमच्या वेळी जागा भरत होत्या. पेन्शनीवर बसून आम्हाला त्याग शिकवू नका.

निवृत्त_पण_जागा:
भाषा सांभाळा. काका कोण?

मोबाइलवर_शिकलेला:
विषय डिजिटल शिक्षणाचा होता ना?

सीएचबी_सातवं_वर्ष:
मग हा काय शेतीचा आहे? डिजिटल करणार कोण, ते आधी ठरवा.

टीवायची_पोरगी:
मी बोलू? सरांनी ग्रुप काढला, ११० जण. आठवड्यात तीन अनोळखी नंबरांवरून 'हाय डिअर'. सांगितलं तर सर म्हणाले, डीपी काढून टाक. ग्रुप सोडला, तर इंटर्नलची तारीख कळली नाही, १० मार्क गेले. गूगल क्लासरूमवर नंबर दिसत नाही कुणाला. तेवढं तरी वापरा. चॅनेल नको, मॅडमचा फळाच बरा.

निवृत्त_पण_जागा:
डीपी काढ म्हणाला? त्या सरालाच व्हीआरएस द्या.

मोबाइलवर_शिकलेला:
बरं, व्हॉट्सॲप नको. हे एक मान्य.

खडूफळा:
वा, सूर्य पश्चिमेला उगवला! बाळ, ते क्लासरूम कसं उघडतात ते मला निरोप पाठवून सांग. नोटिसा आणि नोट्स तिथे टाकीन. शिकवीन फळ्यावरच, आणि रात्री ८ नंतर उत्तर मिळणार नाही.

सीएचबी_सातवं_वर्ष:
मॅडम, तुम्ही परमनंट आहात म्हणून ८ नंतर नाही म्हणू शकता. आणि माझे ४० व्हिडिओ?