लंग ट्रान्सप्लांटनंतर एक्स-रे पांढरा दिसतोय म्हणजे रिजेक्शन का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्या बाबांचं चेन्नईत डबल लंग ट्रान्सप्लांट झालंय, आजार आयएलडी, म्हणजे फुप्फुसाचं फायब्रोसिस. आम्ही सांगलीचे, सध्या आई आणि मी हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहतोय. ऑपरेशनला आठवडा उलटून गेलाय, व्हेंटिलेटर निघालाय, नाकाला थोडा ऑक्सिजन आहे. रोज सकाळी पोर्टेबल एक्स-रे काढतात आणि त्याचा फोटो आम्हालाही दाखवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजू इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की आईचा धीरच सुटला, मग हळूहळू काळं दिसायला लागलं म्हणून जरा बरं वाटलं तर आजच्या रिपोर्टात डाव्या बाजूला कोपऱ्यात पाणी आहे असं लिहिलंय. इथले डॉक्टर चांगले आहेत, सांगतातही, पण राऊंडच्या घाईत अर्धं डोक्यावरून जातं. पांढरं म्हणजे रिजेक्शन का? आणि रोज एक्स-रे काढून रेडिएशनचा त्रास नाही ना होणार?

पुण्याचा_छातीवाला:
ताई, मी चेस्ट फिजिशियन आहे. बाबांची फिल्म मी पाहिलेली नाही त्यामुळे निदान तिथलीच टीम करणार, पण तुम्ही सांगताय तो क्रम ओळखीचा आहे. पहिल्या ७२ तासांत दोन्ही बाजू पांढऱ्या होणं याला आम्ही पीजीडी म्हणतो, प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन. दात्याचं फुप्फुस काही तास रक्ताविना थंड ठेवलेलं असतं, जोडल्यावर त्यात एकदम रक्त सुरू होतं तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, आणि ते पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या तर ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या असतात, त्या कोणी शिवत नाही. अंगणातलं गटार तुंबल्यावर पहिल्याच पावसात पाणी साचावं तसं होतं ते. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी सुरू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग आठ-दहा दिवसांत ओसरतं.

त्याची ग्रेड नुसत्या पांढरेपणावर ठरत नाही. रक्तातला ऑक्सिजन आणि पेशंटला दिला जाणारा ऑक्सिजन यांचं गुणोत्तर काढतात, पी-एफ रेशो. एक्स-रेवर पांढरं आहे आणि रेशो ३०० च्या वर, तर ग्रेड १. २०० ते ३०० ग्रेड २. २०० च्या खाली ग्रेड ३, ती खरी काळजीची, विशेषतः ४८ किंवा ७२ तासांनंतरही तशीच राहिली तर. उद्या राऊंडला एवढं एकच विचारा की रेशो किती होता आणि आता किती आहे.

अक्यूट रिजेक्शन, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने नवीन फुप्फुसावर केलेला हल्ला, साधारण पहिल्या आठवड्यानंतर दिसायला लागतं. तेव्हा नवीन पांढरेपणा, बारीक आडव्या रेषा, वाढतं पाणी असं दिसू शकतं, पण निमोनियाही तसाच दिसतो आणि सलाईन जास्त झालं तरी तसंच. म्हणून ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, बायोप्सीसाठी फुप्फुसाचा बारीक तुकडा घेतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, रिजेक्शन चालू असताना एक्स-रे अगदी स्वच्छही असू शकतो.

रेडिएशनचं मनातून काढून टाका. छातीच्या एका फिल्मला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी, आपल्याला निसर्गातूनच वर्षाला दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळतात.

फिल्मरूम:
रेडिओलॉजी रेसिडेंट आहे, थोडी भर घालते. पोर्टेबल फिल्म पेशंट झोपलेला किंवा अर्धवट बसलेला असताना समोरून काढतात, त्यात हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं आणि पाणी पाठीमागे पसरून पूर्ण बाजूच धुरकट दिसते, तेच पेशंट बसवून काढलं की पाणी खाली कोपऱ्यात जमतं. म्हणजे कालची झोपून आणि आजची बसून अशी तुलना केली तर पाणी नवीन आल्यासारखं वाटतं, नसतं. तसंच व्हेंटिलेटर काढल्यावर आतलं प्रेशर जातं, फुप्फुस थोडं आकसतं आणि फिल्म आदल्या दिवसापेक्षा पांढरी येते, पेशंट मात्र छान असतो. आम्ही आधी नळ्या बघतो, सेंट्रल लाईन म्हणजे मोठ्या शिरेतली सलाईनची नळी कुठे आहे, आयसीडी म्हणजे छातीतलं पाणी-हवा काढणारी नळी जागेवर आहे का, मग फुप्फुसाबाहेर हवा कुठे दिसते का. डबलमध्ये दोन्ही फुप्फुसांभोवतीच्या पोकळ्या बऱ्याचदा एकमेकींना जोडल्या जातात त्यामुळे एका बाजूची हवा दुसरीकडे जाऊ शकते. अचानक नवीन हवा दिसली तर श्वासनलिकेचा जोड सुटलाय का हे बघायला सीटी आणि ब्रॉन्को लगेच करतात. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा एका बाजूला वर चढलेला दिसला तर तो हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला मार बसलेला असू शकतो, तिथे फिजिओ फार महत्त्वाची.

वऱ्हाडी_श्वास:
ताई, मी स्वतः पेशंट आहे, नागपूरचा, हैदराबादला ट्रान्सप्लांट झालं, पण एकाच बाजूचं. सांगलीला परत गेल्यावरचं सांगतो कारण तिथेच गोंधळ होतो. माझं दुसरं जुनं फुप्फुस अजून आतच आहे, आकसलेलं आणि पांढरं, श्वासनलिका त्याच्याकडे ओढलेली. गावाकडे खोकल्यासाठी एक्स-रे काढला तर तिथल्या डॉक्टरांनी ते बघून घरच्यांना घाबरवून सोडलं, नवीन फुप्फुस मस्त होतं. बाबांचं डबल आहे म्हणून हे होणार नाही, पण डिस्चार्जच्या वेळचा चांगला एक्स-रे आणि सीटी सीडीवर मागून घ्या, मोबाईलवरचा फोटो कामाचा नाही, आणि कुठेही गेलात तरी आधी ट्रान्सप्लांट पेशंट आहे हे सांगा.

दुसरं म्हणजे घरचा स्पायरोमीटर. रोज फुंकायचा, वहीत आकडा लिहायचा. एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, नेहमीपेक्षा १० टक्के उतरला की एक्स-रे स्वच्छ असला तरी आम्ही फोन करतो, वाट बघत नाही. जुनाट रिजेक्शन धरताना स्वतःच्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षा २० टक्के किंवा जास्त घट आणि ती टिकून राहिलेली, हे बघतात, आणि त्या काळात फिल्मवर फारसं काही दिसत नाही असं आमच्या टीमने पहिल्यापासून बजावलंय. टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्तातली लेव्हल, ताप, वजन, सगळं त्याच वहीत.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं. आजची फिल्म बसवून काढलेली होती हे आत्ता नर्सला विचारून कळलं. पण ते पाणी खरंच वाढलं तर पुढे काय करतात?

पुण्याचा_छातीवाला:
आयसीडी काढल्यावर थोडं पाणी बऱ्याच जणांत राहतं आणि काही आठवड्यांत जातं. वाढत असेल तर बेडवरच सोनोग्राफी करून सुईने काढून तपासतात. लाल असेल तर रक्तस्राव शोधायचा, गढूळ असेल तर इन्फेक्शन, दुधासारखं असेल तर छातीतल्या मोठ्या लसीकावाहिनीतून गळती, आणि त्या प्रत्येकाची ट्रीटमेंट वेगळी आहे. बाबांचा ऑक्सिजन वाढवावा लागतोय का ते आज संध्याकाळी बघून इथे लिहा.