पुन्हा: विहीर बंद झाली का?

प्रेषक: सचिव, ह्यूस्टन
९ मे २०१०

सभासद मंडळींनो, नमस्कार.

गॅल्व्हेस्टनच्या सहलीचं काय, असं विचारणाऱ्या मेल्सनी इनबॉक्स भरलाय. २० एप्रिलला स्फोट झाला त्या बीपी कंपनीच्या विहिरीचं तेल सध्या लुईझियानाच्या बाजूला आहे, सहल ठरल्याप्रमाणे होणार. बटाटेवडे कोण करणार ते मात्र अजून ठरलेलं नाही.

काका पुण्याला परत गेले असले तरी आपल्या यादीवर आहेत, म्हणून इथेच विचारते. काका, तेल गोळा करायला जो लोखंडी घुमट खाली सोडला होता, तो म्हणे बर्फाने तुंबला. आमच्या ह्यांना विचारलं तर ‘हायड्रेट’ एवढंच म्हणतात आणि फोन घेऊन अंगणात जातात. मे महिन्यात, तेही मेक्सिकोच्या आखातात, बर्फ कुठून आला?

प्रेषक: काका, कोथरूड
१० मे २०१०

मंडळी, सप्रेम नमस्कार.

इथे उकाडा मी म्हणतोय आणि तुम्ही मला बर्फावर निबंध लिहायला सांगताय. लिहितो.

आम्ही मुंबई हायच्या तेलविहिरींवर जन्म काढला तो ७५-८० मीटर पाण्यात. तिथे पाणबुड्या खाली जातो, हात लावून बघतो, वर येऊन सांगतो. या मॅकोंडो विहिरीचं तोंड दीड किलोमीटर खाली आहे. तिथे माणूस जाऊच शकत नाही. केबलला बांधलेले रोबो जातात, त्यांना आरओव्ही म्हणतात. खाली मिट्ट काळोख, पाणी चार-पाच अंशांचं आणि दाब वातावरणाच्या दीडशे पट. तेलाबरोबर मिथेन येतोय. अशा थंडीत, अशा दाबाखाली मिथेन आणि पाणी एकत्र आले की बर्फासारखे खडे धरतात. ते पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर चढले आणि घुमटाच्या छताला जाऊन बसले. वरच्या नळीचं तोंड बुजलं. चहाच्या गाळणीत साय अडकते ना, तसंच, फक्त उलटं. शिवाय त्या खड्यांनी घुमटच उचलायला सुरुवात केली.

पण मंडळी, घुमटात जीव अडकवू नका. २ मेपासून शेजारी दुसरी विहीर खणायला घेतली आहे, तिला रिलीफ वेल म्हणतात. ती जाऊन पहिलीला खालून गाठेल आणि तिथूनच बुजवेल. त्याला ऑगस्ट उजाडेल. बाकी जे काही चाललंय ते तोवरचं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आधी रोज १,००० बॅरल गळतंय म्हणाले, मग ५,००० म्हणाले. कशावरून? तर वरचा तवंग बघून! टाकी किती वेगाने रिकामी होतेय हे अंगणातल्या ओलीवरून सांगण्यातला हा प्रकार आहे.

प्रेषक: एक सभासद, लुईझियाना
२४ मे २०१०

काका, तुम्हाला त्यात तंत्र दिसतं. आमच्या इथल्या धक्क्यावर कोळंबीच्या होड्या ओळीने बांधून ठेवल्यात. मासेमारी बंद. ज्याची होडी उभी आहे त्यालाच कंपनीने तेल अडवायच्या कामावर रोजाने घेतलंय. माझ्या शेजाऱ्याला पैसे बरे मिळतात, पण तो संध्याकाळी घरी येऊन कोणाशी बोलत नाही.

सहलीला आमची वाट बघू नका.

प्रेषक: काका, कोथरूड
३० मे २०१०

मंडळी,

लुईझियानाच्या मित्राचं मेल दोनदा वाचलं. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. जे कळतं तेवढं लिहितो.

‘टॉप किल’ काल सोडून दिलं. तीन दिवस मी मुलाच्या खोलीत त्याच्या कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून होतो. विहिरीजवळच्या आरओव्हीचं चित्र आता कोणालाही बघता येतं, अमेरिकन खासदारांनी हट्ट धरला म्हणून. आमचं ब्रॉडबँड गोगलगायीचं, चित्र पाच सेकंद चालतं आणि दहा सेकंद थिजतं. थिजलेलं चित्र बघून सौ. म्हणाली, “कटाची आमटी उतू चाललीये.” रंग अगदी तोच.

करायचं काय होतं? पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड मड, म्हणजे ड्रिलिंगचा दाट चिखल, वरून विहिरीत ढकलायचा. इतका, की त्याच्या वजनाने तेल खाली दाबलं जावं. उघड्या तोंडातून मड परत बाहेर येऊ नये म्हणून आधी बीओपीत, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या झडपांच्या जुडग्यात, अडथळा करायचा. त्यासाठी टायरचे तुकडे, गोल्फचे चेंडू आणि दोरांच्या गाठी कोंबल्या. इथे सगळे हसले. मी नाही हसलो. आमच्या सोसायटीचा प्लंबर रविवारी सायकलच्या ट्यूबने पाइप बांधतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. दुकान सोमवारी उघडणार असतं. १९७९ मध्ये याच आखातात मेक्सिकोच्या इक्स्टॉक विहिरीत पोलाद आणि शिशाचे गोळे कोंबले होते. तिथे पाणी जेमतेम ५० मीटर, तरी विहीर नऊ महिन्यांहून जास्त वाहिली. बंद झाली ती रिलीफ वेल्सनीच.

टॉप किल का फसलं, याबद्दल माझं मत ऐका. वर येणारा रेटा किती, यावर सगळा हिशोब असतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टीव्ह वेअरली या प्राध्यापकाने नुसत्या व्हिडिओवरून, तेलाचे लोट किती वेगाने सरकतात ते मोजून, रोजचे ७०,००० बॅरल सांगितले. त्यांची थट्टा झाली. परवा सरकारी समिती स्वतःच १२ ते १९ हजारांवर आली. अरे, ५,००० बॅरलचा रेटा धरून तयारीला लागलात आणि समोर त्याच्या दहापट असेल, तर मड उलटा बाहेर येणार नाही तर काय होणार?

प्रेषक: सचिव, ह्यूस्टन
२ जून २०१०

काका, तुम्ही पुण्यात बसून लिहिता, इथे घराघरात वेगळंच चाललंय. खोल पाण्यातलं नवं ड्रिलिंग सहा महिने बंद, ३३ रिग्ज थांबल्या. आपल्या यादीवरची निदान आठ घरं त्यावर चालतात. ह्यांचा या विहिरीशी काडीचा संबंध नाही, तरी शाळेत मुलाला विचारतात, तुझे बाबा तेलवाले ना?

स्फोटात गेलेल्या त्या अकरा माणसांची नावं ह्यांनी वहीत लिहून ठेवली आहेत. टीव्हीवर पेलिकन दिसतात, या माणसांचे चेहरे दिसत नाहीत. एवढंच लिहायचं होतं. कोणाला राग आला असेल तर येऊ द्या.

प्रेषक: काका, कोथरूड
१८ जुलै २०१०

मंडळी,

बंद झाली! १५ तारखेला तुमची दुपारची दोन पंचवीस, आमची रात्रीची एकला पाच कमी. बाहेर पाऊस, घरात सौ.चा डोळा लागलेला. पडद्यावर आरओव्हीचा लोखंडी हात टोपीवरच्या चोकचा, म्हणजे प्रवाह आवळायच्या झडपेचा, दांडा धरून होता. सावकाश थोडं फिरवायचा, थांबायचा, पुन्हा थोडं फिरवायचा. प्रत्येक वेळी लोट बारीक होत गेला. आणि मग पाणी. नुसतं हिरवट पाणी, त्यात तरंगणारे पांढरे कण. मला आधी वाटलं चित्र थिजलं. पण कण हलत होते.

८७ दिवस झाले. जूनमध्ये वाकडा पाइप कात्रीने कापून बसवलेली टोपी सैल होती, ती थोडंच तेल वर नेत होती. ही नवी टोपी बोल्टांनी आवळलेली, व्हॉल्व्ह असलेली. १२ जुलैला बसवली. ही तारीख पुणेकराला सांगावी लागत नाही. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांचा, आम्ही नारायण पेठेत. आदल्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचत होते, हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी आईने डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर चढवले आणि आम्हाला घेऊन पर्वतीकडे निघाली. परत आलो तर माळाच नव्हता.

हे सांगायचं कारण म्हणजे आता तीच धास्ती आहे. वरून कोंडलं की आतला दाब वाढतो, आणि केसिंगला, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराला, कुठे चीर असेल तर तेल बाजूच्या खडकात शिरून समुद्रतळ फोडून वर येईल. मग त्याला टोपी घालता येणार नाही. म्हणून सगळे दाबाच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेत. ७,५०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर गेला तर विहीर धडधाकट, ६,००० च्या खाली राहिला तर कुठेतरी गळतंय. काटा आहे ६,७०० च्या आसपास. म्हणजे ना इकडे ना तिकडे! काहींचं म्हणणं, इतके दिवस वाहून खालचा साठाच उतरलाय. मला ते पटतं. सरकार आता रोजचे ३५ ते ६० हजार बॅरल मान्य करतंच आहे, मग दाब उतरणारच.

गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावरही डांबराच्या गोळ्या सापडल्याचं वाचलं. सहल झाली का?

प्रेषक: सचिव, ह्यूस्टन
१९ जुलै २०१०

झाली, पण तळ्याकाठी. वडे पावसात भिजले.

प्रेषक: काका, कोथरूड
२० सप्टेंबर २०१०

मंडळी, गणपती बाप्पा मोरया.

काल सरकारतर्फे हे काम बघणारे अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन यांनी विहीर मेल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये वरून मड आणि सिमेंट भरलंच होतं, आता रिलीफ वेलने खालूनही बुजवली. समुद्राच्या पृष्ठभागापासून साडेपाच किलोमीटर खाली, वीतभर रुंदीची विहीर हुडकून काढायची. आमच्या सोसायटीने बोअरसाठी पाणाड्या आणला होता, तो तळहातावर नारळ आडवा धरून गच्चीच्या पाइपापाशी थांबला. इथे मात्र थोडं खणायचं, सगळे पाइप वर काढायचे, मोजायचं यंत्र खाली सोडायचं. ते खडकात वीज सोडतं, ती जुन्या विहिरीच्या पोलादी केसिंगमधून वाहते आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते किती, कोणत्या दिशेला, हे मोजून पुढचे थोडे फूट. पुन्हा तेच. साडेचार महिने. कॅमेऱ्यात यातलं काही दिसलं नाही, म्हणून कोणी बघितलंही नाही.

मध्यंतरी आम्हालाही आमच्या वाटणीचं तेल मिळालं. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली आणि तेल अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. विहिरीच्या मानाने ते चमचाभर, पण तिथल्या कोळ्याला कोण चमचा दाखवणार?

आता खरं लिहायचं ते. बीपीचा स्वतःचा चौकशी अहवाल ८ तारखेला आला, मुलाने छापून पाठवला. २० एप्रिलला संध्याकाळी, सिमेंट धरलंय की नाही याची ‘निगेटिव्ह टेस्ट’ केली. विहिरीतला दाब सोडायचा आणि तो पुन्हा चढतो का बघायचं. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय चढले. दुसऱ्या बारक्या नळीवर शून्य. शून्यावर विश्वास ठेवला, आणि १,४०० का दिसतात याचं एक कारण शोधून काढलं. रात्री आठच्या सुमारास टेस्ट पास. पावणेदहाच्या पुढे स्फोट.

हे वाचून मी अहवाल मिटला आणि चक्कर मारून आलो. कारण ते कारण मीही शोधलेलं आहे. नोकरीला चारेक वर्षं झाली होती, एका जॅकअपवर, म्हणजे समुद्रतळावर पाय रोवून उभ्या रिगवर, रात्रपाळी. असंच सिमेंट तपासत होतो. दाब शून्यावर सोडला, व्हॉल्व्ह बंद केला. काटा हळूहळू १५० वर गेला आणि थांबला. सकाळी जुहूला जाणारं हेलिकॉप्टर होतं, त्यात माझी सीट होती, चौदा दिवस पुरे झाले होते. मी गेजच्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणालो, “काटा अडकतोय, जुनं गेज आहे.” वरिष्ठ मागे उभे होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “पुन्हा सोड, पुन्हा बघ.” पुन्हा १५०. सिमेंटचं काम नव्याने करावं लागलं, दोन दिवस गेले, हेलिकॉप्टर माझ्याशिवाय गेलं.

परवा बुधवारी विसर्जन. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा यंदा लक्ष्मी रोड टीव्हीवरच.

प्रेषक: एक सभासद, लुईझियाना
२० सप्टेंबर २०१०

काका, ते गेज बदललं का?

प्रेषक: काका, कोथरूड
२१ सप्टेंबर २०१०

त्याच रात्री बदललं. पुन्हा दाब सोडून बघितलं. नव्याचा काटाही दीडशेवरच जाऊन थांबला.